परत आलेल्यांचा इतिहास

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर दरवर्षी अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील एखाद्या आदिवासी गावात भरते. सात दिवस श्रमदान, प्रभातफेरी, दुपारचे बौद्धिक, संध्याकाळचे सांस्कृतिक कार्यक्रम आणि शेवटच्या दिवशी समारोप असा त्याचा ठरलेला क्रम असतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. शिबिरात एखाद्या बौद्धिकाला उभे राहणे आणि नंतर अहवालाची भाषा तपासून देणे, एवढेच काम आमच्या वाट्याला येते. असाच एक अहवाल तपासत असताना काही वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आले की त्याचे शेवटचे वाक्य दरवर्षी जवळजवळ तेच असते: समारोप झाला आणि स्वयंसेवक परतले. जणू परतण्याबरोबर सेवेची गोष्टही संपते.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गावी जाण्याचा योग आला. मुलांनी ओढ्यावर रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा वाहून गेला होता. त्यात नवल नव्हते. असा बंधारा एका हंगामापुरताच असतो. आम्हाला गप्प केले ते गावातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाने. मुले येतात, बांधतात, जातात, हे सगळे चांगलेच आहे. पण खाली अकोल्यात गेल्यावर ती आमच्याविषयी कोणाशी काही बोलतात का, असे त्यांनी विचारले. प्रश्नात तक्रार नव्हती, कुतूहल होते. आमच्यापाशी उत्तर मात्र नव्हते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त हे एवढेच आहे. सेवेसाठी दूर गेलेल्या माणसांचा इतिहास आपण प्रस्थानाचा आणि बलिदानाचा म्हणून लिहितो. परत आलेल्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. वास्तविक जो परत येतो त्याच्याजवळ अशी एक गोष्ट असते जी गेलेल्याजवळही नसते आणि न गेलेल्याजवळही नसते: त्याने दोन्ही तीर पाहिलेले असतात. ह्या दृष्टीने महाराष्ट्राच्या परिचयाचे एक जुने प्रकरण आम्ही पुन्हा उलगडून पाहिले. ते म्हणजे १९३८ साली चीनला गेलेले भारतीय वैद्यकीय पथक.

१

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या चौघांची नावे मात्र सांगावी लागतात. आमच्या वर्गात आम्ही ती विचारून पाहिली. एकही नाव आले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी आम्हालाही ती सांगता आली नसती.

हकीकत थोडक्यात अशी. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या लुगोऊ पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांनीही तशीच विनंती केली होती. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या वर्षी जुलै महिन्यात देशभर 'चीन दिन' पाळण्यात आला, सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली. जमलेली रक्कम साधारण २२,००० रुपये होती. स्वतःच परतंत्र असलेल्या एका देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी जमवलेले हे पैसे होते, हे विसरता कामा नये. त्यामागे कोणतेही सरकार नव्हते. इंग्रज सरकारने तर डॉ. रणेन सेन ह्या बंगालमधील साम्यवादी डॉक्टरांना पारपत्रच नाकारले, आणि त्यांच्या जागी डॉ. बिजयकुमार बसू ह्यांची निवड झाली.

पथकाचे प्रमुख होते डॉ. मदनमोहनलाल अटल. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. म्हणजे पथकाचा प्रमुख हाच मुळात एक परत आलेला स्वयंसेवक होता. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे काँग्रेसचे जुने कार्यकर्ते आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बसू, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली होती आणि पुढील शिक्षणाची तयारी चालवली होती. ज्या सोलापुरात ते वाढले त्या सोलापुराने १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा अनुभवला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार सुपुत्र फासावर गेलेले पाहिले होते. राज्यसत्तेच्या निष्ठुरतेची ओळख ह्या तरुणाला चीनमध्ये जाऊन व्हायची नव्हती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' ह्या बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँको आणि युद्धकालीन राजधानी चुंगकिंग. चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या अखेरीस चीनवाचक 'हुआ' हे अक्षर जोडले. कोटणीसांचे नाव झाले 'के दी-हुआ'. तेथेच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परत जाण्याची मुभा असूनही ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक साम्यवाद्यांच्या येनानला पोहोचले.

येथपर्यंतची कथा पाच जणांची आहे. येथून पुढे ती एकाची होत जाते.

२

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. चोळकरांना वयामुळे, तर मुखर्जींना प्रकृतीमुळे परतावे लागले. अटल पुढील वर्षाच्या प्रारंभी त्वचाविकारामुळे परतले. कोटणीस आणि बसू उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. बसू नंतर येनानच्या रुग्णालयात काम करू लागले, तर कोटणीस आघाडीच्या प्रदेशातच राहिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून हेही स्पेनहून चीनला आले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने तेथेच मरण पावले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी परिचारिकांच्या शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन-हुआ', म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे ३२.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पाचांपैकी सर्वांत अधिक काळ चीनमध्ये राहून परत आलेले ते एकटेच. त्यांनी परत येताच जी पहिली गोष्ट केली ती सांगण्याची. पत्रकार आणि कथाकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्याकडून पथकाची हकीकत ऐकली आणि १९४४ साली तिचे पुस्तक केले. त्या पुस्तकाचे नाव 'अँड वन डिड नॉट कम बॅक', म्हणजे एक परत आलाच नाही. नाव अर्थपूर्ण आहे, आणि आमच्या मते अजाणता थोडे अन्यायकारकही आहे. सांगणारा परत आलेला आहे, म्हणूनच न परतलेल्याची गोष्ट सांगितली जात आहे. परंतु शीर्षकात जागा आहे ती न परतलेल्याला. सांगणाऱ्याने स्वतःच ती त्याला दिली, असेही म्हणता येईल. साक्षीदाराने साक्षीत स्वतःला मागे ठेवायचे असते, ही ह्या मंडळींची वृत्ती होती.

पुढे व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. तो १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा अब्बास आणि व. प. साठे यांची, संगीत वसंत देसाई यांचे, प्रमुख भूमिकांत स्वतः शांताराम आणि जयश्री. मराठी मनातले कोटणीस आजही बव्हंशी ह्या चित्रपटातून आलेले आहेत. आम्ही तो विद्यार्थ्यांना दाखवला आणि त्यांच्याबरोबर पुन्हा पाहिला. त्या पाहण्यात एक गोष्ट जाणवली. चित्रपटाच्या अखेरीस नायकाची चिनी पत्नी लहानग्याला घेऊन सोलापूरच्या घरी येते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. क्वो छिंग-लान यांचे आयुष्य चीनमध्येच गेले, त्या भारतात आल्या त्या पुढे पाहुणी म्हणून. मग चित्रपटाला हा प्रसंग का हवासा वाटला असेल? आम्हाला वाटते, प्रेक्षकाला परतण्याची भूक असते. नायक येऊ शकत नाही, तर त्याच्या वतीने कोणीतरी उंबरठा ओलांडला पाहिजे, तरच गोष्ट पुरी झाली असे वाटते. ही भूक कल्पितकथेने भागवली, आणि त्याच वेळी प्रत्यक्षात परत आलेले चार डॉक्टर पडद्याच्या कडेला गेले. खरे परतणे होते, पण ते करुणरम्य नव्हते. ते थकलेल्या, आजारी, मध्यमवयीन माणसांचे परतणे होते. कथेला असा माणूस सोयीचा नसतो.

हा दोष शांतारामांचा नाही. सेवेच्या कथनाची ही जुनीच रीत आहे. आपल्या संतचरित्रांपासून क्रांतिकारकांच्या चरित्रांपर्यंत जीवनाचे सार्थक अखेरच्या क्षणात शोधण्याची सवय आपल्याला आहे. जो जगला, घरी आला आणि पुढची चाळीस वर्षे तेच ते सांगत राहिला, त्याच्या आयुष्याला अखेरचा क्षण नसतो, नुसते कामाचे दिवस असतात.

३

बसूंचे कामाचे दिवस कसे होते? सुरुवातीला वारा अनुकूल होता. महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होता. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये चिनी क्रांती झाल्यावर, भारत-चीन मैत्रीच्या संस्था निघाल्या, शिष्टमंडळे गेली-आली. पन्नासच्या दशकात भाईचाऱ्याच्या घोषणांनी रस्ते दुमदुमले. चीनची बाजू मांडणाऱ्याला त्या काळात श्रोते शोधावे लागत नव्हते. ह्याच काळात बसू पुन्हा चीनला गेले आणि तेथे त्यांनी सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धती, अर्थात अ‍ॅक्युपंक्चर, शिकून घेतली. १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी तिचा वापर सुरू केला. भारतात ह्या उपचाराचा पाया त्यांनी घातला असे मानले जाते.

मग १९६२ आले. युद्ध झाले, आणि चीनचे नावही उच्चारणे संशयास्पद ठरले. अनेक साम्यवादी कार्यकर्ते तुरुंगात गेले. मैत्रीच्या संस्था विझल्या. ज्या गोष्टीसाठी पाच जण गेले होते आणि एकाने देह ठेवला होता, ती आपल्याच लोकांना ऐकवेनाशी झाली. परत आलेल्या स्वयंसेवकाची खरी परीक्षा येथे असते. त्याने पाहिलेला देश आणि वर्तमानपत्रातला देश ह्यांत अंतर पडते. गप्प बसणे सोपे असते. त्या देशाच्या सरकारचे सगळेच गुणगान करणेही एका अर्थी सोपेच असते, कारण त्यात विचार करावा लागत नाही. मधली वाट अवघड असते: त्या सरकारच्या करणीचे समर्थन न करता तेथील माणसांविषयी बोलत राहणे.

बसूंच्या बाबतीत ती मधली वाट सुईच्या टोकाएवढी होती असे म्हटले तर तो केवळ शब्दखेळ होऊ नये. चीनविषयी व्याख्यान ऐकायला कोणी येत नव्हते त्या काळातही, गुडघा दुखणारा माणूस डॉक्टरांकडे येत होता. चिनी लोकांकडून शिकलेली विद्या त्याच्या उपयोगी पडत होती. मैत्रीचा पुरस्कार व्यासपीठावरून करणे अशक्य झाले, तेव्हा तो दवाखान्यात होत राहिला. पुढे सत्तरच्या दशकात दोन्ही देशांत पुन्हा राजदूत नेमले गेले (१९७६), वातावरण थोडे निवळले. कोटणीसांच्या नावाची अखिल भारतीय स्मारक समिती बसूंच्या नेतृत्वाखाली काम करीत होती. कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रे निघाली. लुधियानाचे रुग्णालय त्यांपैकी प्रसिद्ध आहे. सोलापूरच्या डॉक्टरचे नाव पंजाबातल्या रुग्णालयाला लागावे आणि ते एका बंगाली सहकाऱ्याने जागवलेल्या स्मृतीतून लागावे, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही पुतळ्याहून मोलाची वाटते.

बसूंनी पथकाच्या काळात ठेवलेली दैनंदिनी 'कॉल ऑफ येनान' ह्या नावाने १९८६ साली ग्रंथरूपात आली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी कोटणीसांचे बंधू मंगेश कोटणीस यांनीही आपल्या भावाचे चरित्र लिहिले होते. मराठी घरातून आलेली आठवण आणि बंगाली सहकाऱ्याने ठेवलेली नोंद ह्या दोहोंना जोडून वाचले म्हणजे चित्रपटातल्या एकाकी नायकाच्या जागी एक समूह दिसू लागतो. त्या समूहातली माणसे एकमेकांची काळजी घेतात आणि एक गेल्यावर दुसरा त्याचे काम पुढे नेतो.

४

अशा परत आलेल्यांचा दुसरा एक नमुना महाराष्ट्राने यजमान म्हणून पाहिला आहे. १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी 'पीस कोअर' ही स्वयंसेवकांची योजना सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिची पहिली तुकडी भारतात आली, आणि १९७६ पर्यंत ४,००० हून अधिक स्वयंसेवक येथे येऊन गेले. चीनला गेलेले पथक लोकवर्गणीतून गेले होते. हे स्वयंसेवक त्यांच्या सरकारने पाठवले होते. त्यामुळे त्यांच्याविषयी संशयही होता, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात तो अगदीच अनाठायी नव्हता.

ह्या स्वयंसेवकांत लिलियन कार्टर नावाच्या एक परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या मुंबईला आल्या. त्याआधी प्रशिक्षणात त्यांना मराठीचे धडे देण्यात आले होते. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाच्या प्रचारात आणि नंतर दवाखान्यात त्यांनी सुमारे दोन वर्षे काम केले. जॉर्जियातल्या छोट्या गावात गोऱ्या-काळ्यांच्या भेदभावात आयुष्य काढलेल्या ह्या बाईंना विक्रोळीत जातीची आणि गरिबीची उतरंड पाहावी लागली. त्या परतल्या आणि आपल्या अनुभवांविषयी ठिकठिकाणी बोलत राहिल्या. त्यांचा मुलगा जिमी कार्टर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, म्हणून त्यांचे नाव टिकले. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी त्या अमेरिकेच्या वतीने भारतात आल्या, तेव्हा विक्रोळीलाही जाऊन आल्या. घरी लिहिलेली त्यांची पत्रे त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अध्यक्षांच्या आईने बोलणे आणि एखाद्या अनामिक स्वयंसेवकाने बोलणे ह्यांत फरक आहेच. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्या अध्यक्षांच्या आई नव्हत्या, एका शेंगा पिकवणाऱ्या कुटुंबातल्या विधवा होत्या.

त्याच पीस कोअरमधून परतलेल्या काही तरुणांनी वेगळी वाट धरली. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेत राहून आल्यावर त्यांना आपल्याच सरकारचे व्हिएतनाम युद्ध सहन होईना. त्यांनी परतलेल्या स्वयंसेवकांची समिती स्थापन केली, आणि मे १९७० मध्ये, कंबोडियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ, वॉशिंग्टनमधील पीस कोअरच्याच कचेरीचा काही भाग ताब्यात घेऊन तेथे ठाण मांडले. ज्या संस्थेने त्यांना जगात पाठवले तिच्याच दारात ते उभे राहिले. १९७९ मध्ये माजी स्वयंसेवकांची राष्ट्रीय संघटना निघाली. ती अधिक सौम्य आणि अधिक टिकाऊ ठरली.

ह्या सगळ्यांतून परतलेल्या माणसाची तीन कामे आम्हाला दिसतात. पहिले सांगण्याचे: जे पाहिले ते आपल्या माणसांपुढे मांडणे. दुसरे रुजवण्याचे: तेथे शिकलेले काही आपल्या मातीत उपयोगी आणणे, जसे बसूंनी केले. तिसरे आणि सर्वांत अवघड काम आपल्याच लोकांना विचारण्याचे: तेथील माणसांच्या दुःखात आपला वाटा किती, असा प्रश्न आपल्याच घरात उपस्थित करणे.

५

येथे दोन शंका उपस्थित होतात. त्या टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिली शंका स्मृतीच्या मालकीची. १९३८ मध्ये ही स्मृती लोकांची होती. चीन दिनाच्या सभांत आणे-दोन आणे टाकणाऱ्यांची होती. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने कोटणीसांवर टपाल तिकीट काढले. १ जानेवारी २०१२ रोजी सोलापुरात भय्या चौकातील त्यांच्या जुन्या घरात स्मारक झाले, ही आनंदाची गोष्ट. मे २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली ख-छियांग मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या वृद्ध भगिनींना भेटले. हे सर्व योग्यच आहे. परंतु राज्यसंस्था मैत्रीची स्मृती काढते ती तिला सोयीची असेल तेव्हा, आणि गैरसोयीची झाली की कपाटात ठेवते. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात जवान मारले गेले, तेव्हा कोटणीसांचे नाव घेण्याचे धैर्य किती व्यासपीठांना झाले असते? दोन्ही सरकारांना मैत्री नको होती त्या वर्षांत तिचा धागा ज्यांनी हातात ठेवला, ते होते परत आलेले डॉक्टर, त्यांचे सहकारी आणि सोलापूर-मुंबईचे एक मध्यमवर्गीय कुटुंब. फुलांचे चक्र वाहणाऱ्यांची छायाचित्रे निघतात; धागा धरून बसलेल्यांची निघत नाहीत.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. परत आलेला माणूस दुसऱ्यांच्या वतीने बोलतो, आणि बोलता बोलता त्यांची जागा घेतो. चीनमधल्या ज्या खेड्यात कोटणीस मरण पावले तेथील शेतकऱ्यांना काय वाटले, हे आपल्याला परतलेल्यांच्या किंवा सरकारी स्मरणग्रंथांच्या भाषेतच कळते. विक्रोळीच्या दवाखान्यात औषध घेणाऱ्या बाईचे पत्र कोणी छापलेले नाही. सेवा देणाऱ्याचे शब्द टिकतात. घेणाऱ्याचे टिकत नाहीत. साहित्याचे अध्यापक म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष टोचते, कारण आदिवासींविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराच मोठा भाग असाच, जाऊन परत आलेल्यांनी लिहिलेला आहे.

अकोले तालुक्याला ह्याचा अनुभव आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे ह्याच तालुक्यातील देवगावचे. १८४८ साली ठाण्यात ते फासावर गेले, आणि त्यांच्याविषयीची लेखी नोंद प्रामुख्याने त्यांना पकडणाऱ्यांच्या दप्तरात राहिली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याच्या उंचीचे आणि साठ्याचे आकडे सर्वत्र मिळतात, पाण्याखाली गेलेल्या शेतांची गाणी मात्र ज्यांना येत होती त्यांच्याबरोबर गेली. पण ह्याच तालुक्याने उलटे उदाहरणही दिले आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा, भाज्यांचे गावरान वाण जपले. 'बायफ' संस्थेचे कार्यकर्ते त्यांच्या मदतीला आले, बीजकोश उभा राहिला, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. आज बियाण्यांविषयी त्या स्वतः बोलतात, त्यांच्याच बोलीत, आणि शास्त्रज्ञ ऐकतात. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याचे याहून मोठे यश आम्हाला सुचत नाही. त्याने त्यांच्या वतीने भाषण केले नाही. त्यांचे भाषण ऐकले जाईल अशी जागा होण्यास मदत केली.

म्हणून वरील तीन कामांना चौथे जोडले पाहिजे: वेळ आली की बाजूला होणे. बसूंनी पुस्तकाच्या शीर्षकात आपल्या मित्राला पुढे केले, त्यात ह्या चौथ्या कामाची खूण दिसते. फक्त ती खूण मृत मित्रापुरती न राहता जिवंत यजमानापर्यंत पोहोचायला हवी.

६

आता पुन्हा त्या पावसाळ्याकडे. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाने आमच्या शिबिरात फार मोठी क्रांती झाली असे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. झाले ते एवढेच की अहवालाचे शेवटचे पान आता समारोपाच्या दिवशी लिहिले जात नाही. ते कोरे ठेवले जाते. पावसाळ्यात सात-आठ मुले-मुली पुन्हा त्याच गावी जातात, कधी भाताची आवणी चालू असताना, कधी रस्ता बंद असताना अर्ध्या वाटेने पायी, आणि परत आल्यावर ते पान लिहितात. अट एकच: त्यात आपण काय केले ते लिहायचे नाही, गावाने काय सांगितले ते लिहायचे, आणि ज्याने सांगितले त्याला वाचून दाखवल्याशिवाय ते पुरे समजायचे नाही.

पहिल्या वर्षी एका मुलीने लिहिलेले पान आम्ही जपून ठेवले आहे. गावात येणारी एसटी पावसाळ्यात फाट्यावरूनच परत फिरते, त्यामुळे दहावीच्या पोरींची शाळा दोन महिने बुडते, एवढीच बाब तिने साध्या वाक्यांत मांडली होती. ते पान घेऊन गावातली चार माणसे आणि ती मुलगी अर्ज द्यायला गेली. बोलली ती माणसे. मुलगी मागे उभी होती. एसटी अजून नियमित जाते असे नाही. पण अर्ज दाखल आहे, आणि तो कोणाचा आहे हे त्यावर लिहिलेले आहे.

कोटणीसांच्या स्मारकाला सोलापूरला गेलात तर त्या चौघांचीही नावे मनात घेऊन जा, अशी वाचकांना आमची विनंती आहे: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू. जो परत आला नाही त्याला आपण अमर म्हटले. जे परत आले त्यांनी घरी येऊन तोंड उघडले नसते, तर अमर कोणाला म्हणायचे हेही आपल्याला कळले नसते.